मॅट म्हणजे नेमकं किती मॅट?

विमानाच्या मॉडेलचं रंगकाम संपतं, डिकल, म्हणजे पारदर्शक पट्टीवर छापलेली चिन्हं, बसतात, पॅनलच्या रेघांत वॉश, म्हणजे पातळ केलेला गडद रंग, मुरतो आणि मग एकच काम उरतं. वरून मॅट क्लिअर, म्हणजे चमक घालवणारा पारदर्शक थर, मारायचं. माझं घोडं नेमकं इथेच अडतं.

या टप्प्यावर मॉडेल सगळ्यात वाईट दिसतं. डिकलसाठी आधी ग्लॉसचा, म्हणजे चकचकीत क्लिअरचा, थर द्यावाच लागतो. खरबरीत रंगावर डिकल ठेवला, तर त्याच्याखाली हवा अडकते आणि पारदर्शक भाग चंदेरी दिसू लागतो. त्या ग्लॉसमुळे युद्धात राबलेलं विमान चकाकतं खेळणं वाटतं. मग मॅटचा पहिला हात फिरतो. ओला असताना काहीच कळत नाही. सुकू लागला की दिव्याचा पंखावरचा पांढरा ठिपका पसरतो, फिकट होतो आणि विरतो. डिकलची कडही मघापर्यंत होती तिथे दिसेनाशी होते. एवढ्यासाठी मी मॉडेल हातात धरून उगाच फिरवत बसतो.

यामागे असते सिलिकाची अतिसूक्ष्म पूड. ती सुकलेल्या थराचा पृष्ठभाग खडबडीत करते, त्यामुळे प्रकाश एका दिशेने परतत नाही, चहूकडे विखुरतो. विखुरलेला प्रकाश रंगात थोडा पांढरेपणाही आणतो, म्हणून मॅटखाली काळा आणि गडद निळा फिके पडतात. ही पूड तळाशी बसते. बाटली नीट न हलवता वापरली, तर सुरुवातीला मॅट कमी पडतं आणि तळाला नको तितकं येतं. तामिया या मॉडेल-रंगांच्या कंपनीचा एक्स-२१ फ्लॅट बेस, म्हणजे रंग मॅट करणारं मिश्रण, तर एक्स-२२ क्लिअरमध्ये थोडाच मिसळायचा असतो. तो नुसताच फवारला की काळ्या रंगावर पीठ चोळल्यासारखं दिसतं. दमट हवेत लॅकरचा कॅन उघडणंही टाळावं. द्रावक भरभर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ तिथे धरते आणि थर धुरकट होतो.

राहिला प्रश्न किती मॅट. १/७२ प्रमाणातलं मॉडेल ३० सेंटिमीटरवरून पाहणं म्हणजे खरं विमान साधारण २२ मीटरवरून पाहणं. इतक्या अंतरावरून चमक मंदावते, तेव्हा सगळं ठार मॅट करा, असं बरेच जण सांगतात. मला ते अर्धंच पटतं. विमानावर माणसं चढतात, हात टेकतात, फडकी फिरवतात. पंखाच्या मुळाशी आणि कॉकपिटच्या कडेला मॅट रंगही घासून तुकतुकीत होतो. म्हणून अंगभर मी मॅट आणि सॅटिन, म्हणजे अर्धवट चमकीचं क्लिअर, मिसळून मारतो, मॅट जरा जास्त. ठार मॅट ठेवतो टायर, चिखल, कॅनव्हास आणि एक्झॉस्टच्या काजळीसाठी. उघड्या धातूचा भाग असेल तर तिथे मास्किंग टेप, कारण मॅटखाली ॲल्युमिनियमचा नुसता राखाडी रंग उरतो. कॅनोपीवरची, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावरची, टेप मात्र सगळ्यात शेवटी काढायची, कितीही हात शिवशिवले तरी.

मोटारींच्या मॉडेलांना हे काही लागू नाही. तिथे मॅट टायरांना आणि डॅशबोर्डला. आता खऱ्या गाड्याही मॅट रंगात येतात हे मान्य, पण बॉनेटवर मॅट मारणाऱ्याशी वाद घालायची माझी तयारी आहे.