तुम्ही विचारलंत म्हणून: बरी झाले तरी आडवी सायकल का?

"बरी झालीस ना आता? मग अजून ती झोपायची सायकल कशाला?"

म्हार्दोळला जायांच्या पूजेच्या गर्दीत विचारलं गेलं, भाचीच्या लग्नात पंगतीत विचारलं गेलं, आणि परवा तर डेंटिस्टने माझं तोंड उघडं असताना विचारलं. म्हणून एकदाचं लिहून टाकते, यापुढे कोणी विचारलं की हेच पाठवीन.

कशी पडले ते सांगत बसत नाही, सगळ्यांना पाठ आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी एवढंच, की केबलसाठी खणलेला चर पावसाच्या पाण्यात दिसला नाही, उजवं मनगट मोडलं, आत प्लेट आहे, आणि मानेतली सी५-सी६ची चकती सरकल्यामुळे उजवा अंगठा आणि तर्जनी दोन्हीत मुंग्या. आणि सायकल म्हणजे तीन चाकांची रिकंबंट, पुढे दोन चाकं मागे एक, जिला टॅडपोल म्हणतात ती. सीट जमिनीपासून वीतभर वर, पाठ टेकलेली, पॅडल समोर एका नळीच्या टोकाला, हँडल दोन्ही बाजूंना मांडीजवळ. नाही, इलेक्ट्रिक नाही. नाही, अपंगांसाठीच्या योजनेतून मिळालेली नाही. आणि नंबर प्लेट लागत नाही, सायकल आहे ती, हे मी एका ट्रॅफिक पोलिसाला पण समजावलंय.

मला राग प्रश्नाचा येत नाही, त्यातल्या "बरी झालीस ना" चा येतो. म्हणजे आजारी होतीस तोपर्यंत ठीक होतं, औषध म्हणून घेतलंस, आता बाटली फेकून दे. पट्टा काढला तसा हे पण काढ. गळ्यात कॉलर होती तेव्हा याच सायकलवर बसलेली बघून लोक हात जोडायचे, काय जिद्द आहे म्हणायचे. कॉलर गेली आणि त्याच सायकलवरची मी एकदम विचित्र बाई झाले.

हे म्हणताना मला माझीच आधीची वाक्यं आठवतात, कारण पडायच्या आधीची मी याहून वाईट बोलायचे. आमच्या सायकल ग्रुपमध्ये मी बीआरएम करणारी, म्हणजे लांब अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करायचं, 200 किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत, पहाटे हेडलाइट लावून निघायचं वगैरे. तेव्हा कोणी रिकंबंटचा फोटो टाकला की मी लिहायचे, आरामखुर्चीला चाकं लावली म्हणून ती सायकल होत नाही, रेसच्या नियमातच ती बसत नाही. नियमाचं खरं होतं. पण नियम का झाला ते मला तेव्हा माहीत नव्हतं. 1933 साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फॉर नावाच्या दुसऱ्या फळीतल्या रायडरने शार्ल मोशेने बनवलेल्या आडव्या सायकलवर एका तासात 45.055 किलोमीटर मारले, आणि ऑस्कर एगचा 1914 पासूनचा 44.247 चा रेकॉर्ड मोडला. पुढच्याच वर्षी यूसीआयने, म्हणजे सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, सायकलची व्याख्याच अशी केली की ही बाहेर पडली. म्हणजे हळू जाते म्हणून काढली असं काही नव्हतं.

ही गोष्ट मी आता सगळ्यांना ऐकवते आणि ऐकवताना जरा जास्तच खुश होते. नवरा पण सुरू होतो, 2016 ला नेवाडात टॉड रायकर्टने आडव्या सायकलवर ताशी 144 किलोमीटर गाठले म्हणून. त्यावर आधीची मी आतून म्हणते, बाई गं, ती दोन चाकांची, अंड्यासारख्या कवचात बंद, सपाट वाळवंटातली. तुझी तीन चाकांची फर्मागुडीच्या चढाला चालणाऱ्या माणसाला "पुढे जा" म्हणते. त्यांचा रेकॉर्ड तुझ्या कामाचा नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आता दिवाडीचं सांगते. हे मी ग्रुपमध्ये कोणालाच सांगितलेलं नाही.

प्लॅस्टर निघालं, फिजिओ झाली, डॉक्टर म्हणाले हळूहळू चालवायला हरकत नाही. म्हणून एका रविवारी ग्रुपबरोबर गेले. मुद्दाम सोपा रूट, जुन्या गोव्यापर्यंत गाडीला कॅरियर लावून, तिथून फेरीने दिवाडी बेटावर, खाजनातला म्हणजे नदीकाठच्या सखल शेतांतला सपाट रस्ता, पिएदादच्या चढाच्या आधीच परत. फेरीवर सगळे माझे फोटो काढत होते. उतरल्यावर रॅम्पवरून सायकल ढकलून नेली, शेवाळ असतं तिथे, आणि मग बसले. आणि पहिली दोन मिनिटं इतकं बरं वाटलं ना, खारफुटीचा वास, वारा, मागच्या चाकाचा तो टिकटिक आवाज.

मग अंगठा झिणझिणायला लागला. मी हात झटकला, परत ठेवला. वाकून धरलेलं हँडल म्हणजे अंगाचं वजन तळहातावर, ते मनगटाला नको होतं, आणि वाकलेल्या पाठीवरून समोर बघायला मान मागे मोडावी लागते, ते मानेला नको होतं. हे मला आत्ता इतकं नीट सांगता येतं, तेव्हा फक्त असं झालं की मान हळूहळू खाली आली आणि मला पुढचं चाक आणि त्याच्या पुढचा थोडासा रस्ता एवढंच दिसायला लागलं. बाकीचे पुढे गेलेले. आणि समोर म्हशी. म्हणजे मी म्हशी बघितल्याच नाहीत, पाय बघितले. उजवा ब्रेक दाबला, बोटं लिव्हरवर होती, मला दिसत होती, आणि ती वळलीच नाहीत. डाव्याने मागचा ब्रेक लागला, सायकल घसरली, पाय टेकला, पडले नाही. म्हैस जरा बाजूला झाली आणि निघून गेली. एवढंच झालं खरं तर. काहीच झालं नाही.

पण मी तिथे रस्त्याच्या कडेला किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही. ग्रुपमधली एक मैत्रीण वळून आली, काय गं म्हणाली, मी म्हटलं पाणी पिते, तुम्ही व्हा पुढे. बाटली काढली पण नव्हती. ती गेली. मग मी सायकल डाव्या हाताने ढकलत परत फेरीच्या धक्क्यावर आले. फेरी यायला वेळ होता. तिथे एक म्हातारे गृहस्थ बसले होते, पिशवीत भाजी, त्यांनी विचारलं, "पंक्चर जाली?" मी म्हटलं, हय. ते उठले, कदाचित मदत करायलाच, वाकून त्यांनी अंगठ्याने मागचा टायर दाबला, मग पुढचा दाबला. दोन्ही दगडासारखे कडक, मी पहाटेच भरले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग परत जाऊन आपल्या जागी बसले. एक शब्द बोलले नाहीत. पूर्ण फेरीभर मी त्यांच्याकडे पाठ करून नदीकडे बघत उभी राहिले, आणि मला पडल्यापासून पहिल्यांदा रडू आलं, तेही धड नाही, नाक वाहण्यापुरतं.

तर "साधी सायकल सोडून ही का घेतलीस" असं जे विचारतात त्यांना हे उत्तर आहे. साधी मी सोडली नाही, त्या धक्क्यावर ती माझ्या हातात होती आणि तरी नव्हती.

स्कूटर घे म्हणणाऱ्यांनो, स्कूटर आहे घरी. मला कुठे पोचायचं नव्हतं, मला पाय फिरवायचे होते. घरातली स्थिर सायकल पण झाली, भिंतीकडे बघत. त्याबद्दल काय बोलायचं.

आडवीवर पहिल्यांदा बसले ती मांद्र्यात, हिवाळ्यात येऊन राहणाऱ्या एका परदेशी गृहस्थांची होती. लाज वाटत होती बसताना, पाय वर, पोट वर. पण हात! हातांवर काहीच नव्हतं. ते नुसते बाजूला लोंबत होते आणि गाडी वळत होती. मग शोधाशोध, पुण्यातल्या एकांनी बाहेरून मागवलेली जुनी घेतली, ट्रान्सपोर्टने फोंड्यापर्यंत. किंमत सांगत नाही, सासूबाई हे वाचतात.

घेणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. दोन चाकांची आडवी मी बघितलीच नाही, सुटताना तोल सांभाळणं शिकावं लागतं आणि मला परत पडायचं नव्हतं. मान दुखणारे सगळे म्हणतात जितकी आडवी तितकी चांगली, तसं नाही, फार मागे रेललात की समोर बघायला डोकं उचलून धरावं लागतं आणि मान पुन्हा कामाला लागते, म्हणून मी सीट जरा उभीच ठेवते. उजव्या हातात जोर नाही म्हणून पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक डाव्या एकाच लिव्हरला जोडून घेतले, असे दोन केबल ओढणारे लिव्हर मिळतात. आणि पाय पॅडलला बांधलेले हवेतच. चालत्या गाडीत पाय सुटून जमिनीला लागला तर गाडी त्याच्यावरून पुढे जाते, पाय मोडू शकतो. मी फोंड्याच्या मार्केटातल्या मोच्याकडून टाचेला रेक्झिनचे पट्टे शिवून घेतलेत. त्याने विचारलं घोड्यासाठी का.

त्रास नाही असं म्हणत नाही. पाय उंच असल्याने लांब गेलं की बोटं बधिर होतात. उभं राहून पॅडल मारता येत नाही, चढाला लहान गिअर टाकून मुंगीसारखं जायचं. चेन साध्या तीन चेन जोडल्याएवढी लांब, पावसाळ्यात खाणीकडच्या रस्त्याला गेलं की तीनही चेनांचा लाल चिखल. धूर थेट नाकात. कुत्री, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं, बरोबर तोंडासमोर येतात, दात मोजता येतात. उठताना हात टेकून उठावं लागतं, म्हणजे ज्या मनगटासाठी हे सगळं केलं त्याच्यावरच भार, म्हणून आधी ब्रेक लॉक करून डाव्या हाताने उठते, आणि घाई असेल तर नवऱ्याला हाक मारते. उंच काठीला केशरी झेंडा लावलाय तरी बाणस्तारीच्या बाजूने हायवेला मी ती नेत नाही, तिथे कारची काच माझ्या डोक्याच्या वर असते. "ट्रकवाल्याला दिसशील का" या प्रश्नाला मी बाहेर "दिसते, उलट बघून लोक लांबूनच जातात" असं ठणकावून सांगते. गावातल्या रस्त्याला ते खरं पण आहे. पाव विकणारा पोदेर सुद्धा भोंगा थांबवून बघतो. हायवेचं मला माहीत नाही आणि प्रयोग करणार नाही.

राहिलं "अजून का". फिजिओ म्हणते मान चांगली आहे, साधी चालवून बघ, हँडल उंच करून घे, जाड ग्रिप लाव. बरोबर आहे तिचं. लोक करतात तसं. मी सायकल उतरवली पण होती भिंतीवरून, हँडल उंच करून आणलं दुकानातून. मग ती अंगणात उभी राहिली आणि मी आडवी काढून कुंडईच्या बाजूला फिरून आले. भीती का? हो. पण नुसती भीती असती तर मी रोज सकाळी उठून ही काढली नसती, ज्या दिवशी कुठे जायचं नाही त्या दिवशी पण. मला हिच्यावरून आभाळ दिसतं, झाडांच्या फांद्या दिसतात, आधी मला इतकी वर्षं पुढच्याचं चाक दिसायचं. आधीची मी म्हणते, हे तू भीतीला लावलेलं तोरण आहे. असेल. ती म्हणते एकदा दिवाडीला साधी घेऊन जा आणि मग आवड-निवड सांग. मी म्हणते, का म्हणून? नावडती गोष्ट जमते हे सिद्ध केल्यावरच आवडती करायची परवानगी मिळते का? ती म्हणते तुला ती नावडती कधी होती. इथे आमचं अडतं. रोज अडतं.

वाटेत शेतातून एक बायो हाक मारते, "न्हिदून खंय वता गो बाय?" झोपून कुठे चाललीस, म्हणून. तिला मी हात करते. तिला कारण नको असतं.

तुम्हाला हवंच असेल तर म्हार्दोळला या आणि बसून बघा. फक्त उंची आधी कळवा. बूम, म्हणजे पॅडलची ती नळी, पुढे-मागे करायला ॲलन की पुरते, पण तुम्ही माझ्यापेक्षा बरेच उंच असाल तर चेनला कड्या जोडाव्या लागतात, त्यात माझी सगळी दुपार जाते आणि हात काळे होतात. आणि कुत्र्यांची जबाबदारी तुमची.