हद्दवाढ नको, तर हरकत नीट लिहा

महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही, यावर गोव्याला १९६७ मध्ये जनमत कौल मिळाला. कोल्हापूर शहराच्या हद्दवाढीत, म्हणजे महापालिकेच्या हद्दीत, ओढल्या जाणाऱ्या उचगाव, पाचगाव, कळंब्याला तसा मिळणार नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम ३ नुसार सरकारने सल्ला घ्यायचा तो महापालिकेचा, गावाचा नव्हे. आमचा विरोध आहे तो इथेच. गावबंद, मोर्चा जरूर करा, पण फाईलला कागद लागतो.

आधी ग्रामसभेचा ठराव. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १००, यांपैकी कमी असेल ती. सह्या मोजूनच सभा सुरू करा, नाहीतर ठरावावर पहिलं बोट तिथंच ठेवतात. विषय अजेंड्यावर हवा. ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये घुसडलेला ठराव लंगडा पडतो.

प्रारूप अधिसूचना, म्हणजे हद्दवाढीचा सरकारी कच्चा मसुदा, आली की मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. एकाच मजकुराच्या हजार झेरॉक्स एका ओळीत निकाली निघतात. त्यापेक्षा गट नंबर, पिकाखालचं क्षेत्र, आजची घरपट्टी, पाण्याची योजना असं आपापलं लिहा. शेतीचा सातबारा जोडा. ‘शहरालाच नीट पाणी नाही’ हे खरं असलं तरी पुराव्याशिवाय ती नुसती कट्ट्यावरची चर्चा.