रॉलीच्या सभागृहात टार्टन डे, आणि मसुद्यातलं एक वाक्य

नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळात स्कॉटिश वारशाचं कौतुक करून घ्यायचं तर किल्ट आणि बॅगपाइप फार नंतर लागतात. आधी लागतात ईमेल, आणि त्यांची उत्तरं येईपर्यंत धीर. आमच्या पाइप बँडमध्ये जुलैच्या उन्हात आठ वारी लोकरी किल्ट गुंडाळून (आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी!) वाजवायला सगळे एका पायावर तयार असतात. फॉर्म भरायचं म्हटलं की जो तो दुसऱ्याकडे बघतो. टार्टन म्हणजे किल्टचं चौकडीचं कापड, आणि टार्टन डे हा स्कॉटिश वारशाचा दिवस. त्याच्या सुमारास हाउसच्या, म्हणजे विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाच्या, कामकाजात आपला उल्लेख व्हायला हवा असं ठरलं, तेव्हा ते काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. मी मूळची पुण्याची, आता रॉलीजवळच्या कॅरीत राहते आणि बँडमध्ये साइड ड्रम वाजवते.

मराठी बाई बॅगपाइपवाल्यांत काय करते, हा प्रश्न मला स्कॉटिश मंडळींपेक्षा कॅरीतली मराठी मंडळीच जास्त विचारतात. पाइप बँडला आडनाव लागत नाही, ताल लागतो. आणि हे वाद्य आपल्याला तरी कुठे परकं आहे? भारतीय लष्करात पाइप बँड आजही आहेत. २६ जानेवारीच्या संचलनात ते बघतच आपण वाढलो. मुंबईचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते जॉन विल्सन स्कॉटिश मिशनरी होते. एल्फिन्स्टनसाहेबही स्कॉटलंडचेच, आधी पुण्यात रेसिडेंट आणि मग, पेशवाई बुडाल्यावर, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. त्यामुळे पुणेकराने स्कॉटिश वारशाचे गोडवे गाताना आवाज जरा बेताचा ठेवावा. पण ते असो.

टार्टन डे येतो ६ एप्रिलला. १३२० साली याच तारखेचं आर्ब्रोथचं जाहीरनामापत्र स्कॉटलंडच्या सरदारांनी पोप जॉन बाविसावे यांना लॅटिनमध्ये पाठवलं होतं: आमच्यातले शंभर जण जिवंत आहेत तोवर इंग्रजांचं राज्य मानणार नाही, अशा अर्थाचं. अमेरिकेच्या सिनेटने १९९८ मध्ये ठराव करून हा दिवस मान्य केला. नॉर्थ कॅरोलिनात तर स्कॉटिश वंशाचे लोक पैशाला पासरी. इथे स्कॉटलंड नावाची कौंटी आहे, ग्रँडफादर माउंटनवर १९५६ पासून हायलँड गेम्स भरतात आणि १९९१ मध्ये याच विधिमंडळाने ‘कॅरोलिना टार्टन’ला राज्याचं अधिकृत टार्टन करून टाकलं.

रस्ते दोन होते. एक गव्हर्नरच्या प्रोक्लमेशनचा, म्हणजे सहीच्या घोषणापत्राचा. त्यासाठी फॉर्म असतो, मजकूर आपणच लिहून द्यायचा, आणि पुष्कळ आधी. दुसरा आपल्या भागाच्या प्रतिनिधीमार्फत हाउसमध्ये जाण्याचा. बँडला दुसरा हवा होता, कारण प्रोक्लमेशन भिंतीवर लागतं, पण सभागृहात उभं राहता येत नाही. हाउसचे सदस्य १२०. घरचा पत्ता टाकला की आपला कोण ते कळतं. पण प्रतिनिधीला गाठायचं म्हणजे प्रत्यक्षात त्यांच्या लेजिस्लेटिव्ह असिस्टंटला गाठायचं. सगळे त्यांना नुसतं ‘एलए’ म्हणतात, आणि त्या इमारतीत कुठलंही काम कुणामुळे हलतं असं मला कुणी विचारलं तर मी एलएंकडे बोट दाखवेन.

आमच्या एलएबाईंनी पहिल्याच फोनवर सांगितलं, “ठराव डोक्यातून काढून टाका. गौरवाचे ठराव दिवंगतांसाठी. तुम्ही सगळे जिवंत आहात ना?” मग त्यांनी वाट सांगितली. सेशनच्या दिवशी गॅलरीत बसायचं, प्रतिनिधी उठून ओळख करून देतील आणि स्टेटमेंट पुढे पाठवतील, ते जर्नलमध्ये, म्हणजे सभागृहाच्या अधिकृत नोंदवहीत, छापलं जाईल. मसुदा आमचा. “एक पान. जास्त आलं तर मी कापणार, आणि मी कापलं की लोकांचं नेमकं आवडतं वाक्य जातं.”

तारखेचं घोंगडं मात्र बराच काळ भिजत पडलं. ६ एप्रिलला सभागृह भरेल, भरलं तरी मतदान असेल, याची खात्री कुणी देईना. मतदान नसलेल्या दिवशी चार माणसांसमोर भाषण होतं, म्हणून तो दिवस टाळायचा. शेवटी ‘त्या आठवड्यात, बहुधा’ एवढ्यावर बँडमधल्या सगळ्यांनी रजा टाकल्या.

खरी झटापट झाली मसुद्यावर. आमचे पाइप मेजर, म्हणजे बँडचे प्रमुख, सत्तरीचे. त्यांचे पूर्वज १७३९ साली स्कॉटलंडमधल्या अर्गाइलहून इथल्या केप फिअर नदीच्या खोऱ्यात आलेल्या साडेतीनशेपैकी. त्यांचा कच्चा मसुदा म्हणजे एका दमात वाजवायची मार्च ट्यून होती: अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिताना जेफरसनने आर्ब्रोथवरून प्रेरणा घेतली, त्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांतले जवळजवळ निम्मे स्कॉटिश वंशाचे, थोडक्यात अमेरिका आम्हीच घडवली. मी विचारलं, याला आधार काय? ते म्हणाले, सिनेटचा ठराव. बरोबर आहे, ठरावात तसं लिहिलेलं आहे. पण ५६ सह्यांमधले प्रत्यक्ष स्कॉटलंडमध्ये जन्मलेले दोनच, जेम्स विल्सन आणि जॉन विदरस्पून. जेफरसनसमोर आर्ब्रोथचं पत्र होतं याचा पुरावा कुणी दाखवलेला नाही. ठरावात लिहिलं म्हणून इतिहास होत नसतो. आमच्याकडेही स्मरणिकांमध्ये असले दाखले ढिगाने सापडतात, त्यामुळे ते पारखायची मला सवय आहे.

मी त्यांना म्हटलं, तुमच्या माणसांची खरी गोष्ट याहून रंगतदार आहे, ती लिहू. नॉर्थ कॅरोलिनाचे तेव्हाचे गव्हर्नर गॅब्रिएल जॉन्स्टन स्वतः स्कॉटिश. त्यांच्या काळात वसाहतीच्या असेंब्लीने नव्या वसाहतकारांना दहा वर्षं कर माफ करायचं ठरवलं. म्हणजे या लोकांचं आणि विधिमंडळाचं नातं पहिल्यापासून आहे, ते भाषणात कुणीच सांगत नाही! पुढे १७४६ मध्ये स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या लढाईत राजाच्या बाजूच्या ड्यूक ऑफ कंबरलंडने बंडखोर हायलँडरांची, म्हणजे डोंगराळ भागातल्या स्कॉटिश लोकांची, कत्तल केली, हायलँडचा पोशाख घालायला बंदी आली, ती १७८२ पर्यंत टिकली. आणि केप फिअरच्या खोऱ्यात हे लोक राहिले त्या कौंटीचं नाव काय ठेवलं? कंबरलंड. तिथे गेलिकमध्ये, म्हणजे हायलँडरांच्या भाषेत, प्रवचनं होत. एका चर्चचं नाव बार्बेक्यू, ते अजून आहे.

मग आला १७७६ चा फेब्रुवारी. स्वातंत्र्याचा लढा पेटला, आणि हायलँडर उभे राहिले राजाच्या बाजूने. बऱ्याच जणांनी राजनिष्ठेची शपथ घेतलेली होती, काही तर नुकतेच बोटीतून उतरलेले. विल्मिंग्टनच्या वर मूर्स क्रीक नावाचा ओढा आहे, काळ्या पाण्याचा, दोन्ही काठांना सायप्रसची झाडं. पलीकडच्या स्वातंत्र्यवाद्यांनी रात्रीत पुलाच्या फळ्या उचकटल्या आणि उरलेल्या वाशांना चरबी फासून ठेवली. २७ तारखेच्या पहाटे हायलँडर तलवारी उपसून त्या बुळबुळीत वाशांवरून धावले आणि समोरून बंदुका आणि तोफा सुटल्या. काही मिनिटांत सगळं आटोपलं. तीसेक हायलँडर पडले, समोरचा एकच गेला. कलोडनला हरलेल्या प्रिन्स चार्लीला बाईच्या वेषात पळायला मदत करणारी फ्लोरा मॅकडोनाल्ड तेव्हा इथेच होती. तिचा नवरा पकडला गेला आणि ती पुढे स्कॉटलंडला परतली. राष्ट्रीय स्मारकात तो पूल पुन्हा उभारलाय. मी तिथे गेले तेव्हा कठड्यावर हात ठेवून खाली बघत बसले होते. पाणी चहाच्या कोऱ्या काढ्याच्या रंगाचं होतं.

हे सगळं एका वाक्यात बसवून मी मसुद्यात घातलं. दुसरं एक वाक्य होतं गुलामांबद्दल: स्कॉटिश जमीनदारांकडे गुलाम होते, आणि त्या खोऱ्यात गेलिक बोलणाऱ्या काळ्या माणसांच्या आठवणी नोंदलेल्या आहेत. पाइप मेजर वैतागले. “सत्काराच्या दिवशी कुणी उणीदुणी काढतं का?” मी म्हटलं, राजासाठी लढले यात उणं काय आहे? शपथ पाळली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, पाठवून तर बघ.

एलएबाईंकडून मसुदा परत आला तो इस्त्री करून. दोन्ही वाक्यं गायब, त्यांच्या जागी ‘स्वातंत्र्ययुद्धात मोलाची भूमिका बजावली’. कुणाच्या बाजूने ते नाही. वाक्य खोटं नव्हतं म्हणूनच ते मला जास्त खटकलं. मी फोन केला. भांडायला नाही, तारखा सांगायला. राज्याच्या झेंड्यावर १२ एप्रिल १७७६ ही तारीख आहे. त्या दिवशी हॅलिफॅक्समध्ये नॉर्थ कॅरोलिनाने, वसाहतींमध्ये सगळ्यात आधी, आपल्या प्रतिनिधींना स्वातंत्र्याच्या बाजूने मत द्यायची मुभा दिली. ते धाडस आलं कुठून? दीडेक महिना आधी मूर्स क्रीकला मिळालेल्या विजयाने त्याला बळ दिलं. आणि ६ एप्रिल बरोबर या दोन तारखांच्या मध्ये पडतो. झेंड्यावरची तारीख ऐकल्यावर बाईंचा सूर बदलला. “हे आमच्या प्रतिनिधींना आवडेल,” म्हणाल्या. शेवटी ठरलं ते असं: मूर्स क्रीकच्या पुलावर त्यांच्यातले अनेक जण राजाच्या बाजूने लढले आणि हरले, आणि त्यांची मुलंबाळं याच राज्याची नागरिक झाली. गुलामांचं वाक्य मात्र गेलं ते गेलंच. “ते स्वतंत्र स्टेटमेंटचं आहे,” एवढंच उत्तर मिळालं. मला ते पटलेलं नाही, आजही नाही.

सेशनच्या दिवशी पहिला अडथळा दारातच. किल्टवाले मोज्यात छोटी सुरी खोचतात, स्गियन दू, पोशाखाचाच भाग. मेटल डिटेक्टरच्या रांगेत प्रत्येकाला आठवण झाली की आपल्या पिंढरीला हत्यार आहे. पुन्हा पार्किंगपर्यंत वरात. बॅगपाइप आत वाजवायचे नव्हते. परवानगी बाहेरच्या फरसबंदीवर होती. तिथे राज्याची मुद्रा जमिनीत बसवलेली आहे, २८ फूट व्यासाची. इमारत १९६३ ची, एडवर्ड ड्युरेल स्टोन यांची. दिल्लीतली अमेरिकन वकिलातही त्यांचीच. पांढरे बारीक खांब आणि आतलं कारंजं बघताना चाणक्यपुरीची आठवण का होत होती ते मला नंतर वाचून कळलं.

वर गॅलरीत टाळ्या, घोषणा काही नाही, नुसतं बसायचं. खाली लाल गालिचा. प्रार्थना झाली, झेंड्याची शपथ झाली, आदल्या दिवशीचं जर्नल तपासलं आणि बरोबर आहे असं एका सदस्याने सांगितलं, ते मंजूर झालं. कोण कोण गैरहजर त्यांची नावं. मग त्या दिवशीच्या ड्यूटीवरच्या नर्सची ओळख. विधिमंडळाला रोज एक पाहुणी नर्स असते, ही मला आवडलेली प्रथा. त्यानंतर विधेयकं. वाचणारा क्लार्क इतक्या वेगाने शीर्षकं वाचतो की आमच्या ड्रमरांनी त्याच्याकडे शिकवणी लावावी. मत उघडलं, फलकावर हिरवे-लाल दिवे लागले, मशीन बंद, निकाल, पुढचं. हिरवेच जास्त. कुणी सँडविच खातंय, कुणी पाठमोरं गप्पा मारतंय. दोन विधेयकांवर मात्र सगळे एकदम खुर्चीत आले, त्यातलं एक कुठल्याशा गावाच्या हद्दीचं होतं.

आमची पाळी आली तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, सदस्य कशासाठी उठलेत? प्रतिनिधींनी कागद वाचायला घेतला. आर्ब्रोथ झालं, अर्गाइल झालं, करमाफीला हशा पिकला. मूर्स क्रीकचं वाक्य आलं आणि माझ्या शेजारी पाइप मेजर ताठ झाले. खाली कुणाचीही मान वळली नाही. सँडविचवाले सँडविच खात राहिले. मागच्या रांगेतले एक सदस्य तेवढे वर बघून हसले, त्यांचा जिल्हा तिकडचाच असावा. गॅलरीतल्या पाहुण्यांनी उभं राहावं म्हणून सांगितलं, आम्ही उभे राहिलो, खाली टाळ्या झाल्या, आणि क्लार्कने पुढचं शीर्षक सुरूही केलं होतं.

बाहेर वाजवताना वारा सुटला, सूर लागता लागेनात, तरी शाळेच्या सहलीची पोरं थांबून नाचली. पुढे एलएबाईंनी जर्नलचं पान पाठवलं. वाक्य शाबूत होतं, स्वल्पविरामासकट.

हे लिहायचं कारण वेगळंच. कॅरीतल्या मराठी मंडळींपैकी एकांनी विचारलं की १ मेला महाराष्ट्र दिनासाठी असं काही करता येईल का. येईल. पत्ता टाकून आपला प्रतिनिधी शोधा, एलएला फोन करा, ईमेलवर विसंबू नका. जानेवारीतच विचारा. मसुदा एक पान, आणि त्यात नॉर्थ कॅरोलिनाशी जुळणारं एक तरी वाक्य हवं, नुसता शिवाजी महाराजांपासूनचा इतिहास चालणार नाही. लेझीमचं मी त्यांच्या वतीने आधीच विचारून ठेवलंय. बाईंनी प्रतिप्रश्न केला: बॅगपाइपपेक्षा आवाज जास्त की कमी?