काकूंची भाकरी

मागच्या आठवड्यात काकूंनी भाकरी थापली. एका अंगाला जाड, कडेला चिरलेली. तव्यावर टाकताना सूनबाईंनी हात लावला, पण थापली काकूंनीच.

5 महिन्यांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. मी थेरपिस्ट म्हणून पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा हात खांद्यातून जरासा उचलत होता, मूठ मात्र घट्ट मिटलेली. मी विचारलं, "काकू, दिवसभरातलं कुठलं काम आपलं आपण करावंसं वाटतं?" मला वाटलं चालणं म्हणतील. त्या हळूच म्हणाल्या, "आंघोळ. सुनेकडून घालून घ्यायची लाज वाटते गं."

आमचं काम या प्रश्नापासून सुरू होतं. ऑक्युपेशनल थेरपीला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात, त्यामुळे अनेकांना ते नोकरीधंद्याचं काहीतरी वाटतं. इथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं. दात घासणं, साडी नेसणं, हिशेब लिहिणं. लहान मुलाचं खेळणंसुद्धा.

न्हाणीतला पाट काढून उंच स्टूल ठेवलं, डाव्या हाताशी भिंतीला दांडी बसवली, तांब्याच्या जागी कानाचा मग आणला. ब्लाउजचे हुक काढून वेल्क्रो लावलं. बाही घालताना आधी उजवी, काढताना उजवी शेवटी. पंधरा दिवसांत काकू जवळजवळ सगळी आंघोळ स्वतः करू लागल्या.

हातासाठी मात्र मी चुकले. पेगबोर्ड नेला, खुंट्या भोकांत घालायला लावल्या. तीन दिवसांत त्या कंटाळल्या. मग एकदा सूनबाई पीठ मळत होत्या आणि काकूंची नजर परातीवरून हलेना. परात सरकू नये म्हणून खाली ओला नॅपकीन घातला, उजवा पंजा पिठावर उघडून ठेवला, त्यावर डावा. तळव्यावर भार येतो, बोटं पसरतात. मला हवा होता तोच व्यायाम. त्या दिवशी चाळीस मिनिटं त्यांनी "पुरे" म्हटलं नाही.

व्यवसायोपचाराचं शिक्षण आपल्याकडे सुरू केलं कमला निंबकर यांनी, 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात. त्या जन्माने अमेरिकन, लग्नानंतर इथल्या झाल्या. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

बारावीच्या मुली विचारतात म्हणून सांगते. मी केला तो पदवीचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा होता, शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. शरीररचना, मेंदूविकार, मानसशास्त्र, गरम पाण्यात मऊ केलेल्या प्लास्टिकचे स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणाऱ्या पट्ट्या, बनवणं, सगळं शिकावं लागतं. पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गप्प बसून बघायची सवय लावून घ्या. पेशंटचा हात कुठे अडतो ते तिथेच कळतं.

काकूंना आता तुळशीला पाणी घालायचंय. अंगणात उतरायला दोन पायऱ्या आहेत, धरायला काही नाही. गवंड्याला सांगून ठेवलंय, रविवारी कठडा बसेल.