नाव जुळले, एवढ्याने पूर्वज सापडत नाही

वंशावळ शोधून देणे हा माझा व्यवसाय आहे आणि बरीच वर्षे मी तो इतरांनाही शिकवते. वर्गात येणाऱ्या अनेकांच्या मनात एखाद्या दूरच्या, नामवंत पूर्वजाचे नाव आधीच ठरलेले असते आणि तिथून आपल्यापर्यंत दुवे जोडत यावे, अशी त्यांची इच्छा असते. मी त्यांना पहिल्याच दिवशी उलट वाटेने चालायला लावते. आधी स्वतःची नोंद, मग आईवडिलांची, मग आजी-आजोबांची. आणि एका पिढीचा पुरावा हाती आल्याखेरीज तिच्या मागच्या पिढीला हात लावायचा नाही.

सर्वांत जास्त वेळ आम्ही मृत्यूच्या दाखल्यावर घालवतो. कागद एकच असला, तरी त्यातल्या प्रत्येक ओळीला सारखे वजन नसते. मृत्यूची तारीख आणि ठिकाण ही माहिती घटना ताजी असताना, जवळच्या माणसाने दिलेली असते, म्हणून ती बहुधा विश्वासार्ह ठरते. त्याच दाखल्यावरची जन्मतारीख मात्र सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची असते आणि ती सांगणारा मुलगा किंवा जावई त्या वेळी जन्मलेलाही नसतो. त्याने ती कोणाकडून तरी ऐकलेली असते. म्हणून दाखला हातात आला की आधी माहिती देणाऱ्याचे नाव आणि नाते वाचा, असे मी विद्यार्थ्यांना सांगते.

नोंद ज्या नियमाने झाली, तो नियमही ठाऊक असावा लागतो. इंग्लंडमधील १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील माणसाचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहावे, अशी सूचना होती. त्यामुळे चौतीस वर्षांची स्त्री तिथे तीस वर्षांची दिसते. त्याच देशात १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे ऑक्टोबर १७४० मध्ये जन्मलेले मूल फेब्रुवारी १७४० मध्ये वारल्याची नोंद आढळली, तर ती चूक नव्हे.

माझी स्वतःची चूक मी दर वर्गात सांगते, कारण तिचे दुःख अजून ओसरलेले नाही. एका कुटुंबासाठी काम करताना मला हव्या त्या नावाचा, हव्या त्या वयाचा मुलगा जन्मनोंदीत मिळाला आणि मी तो वंशावळीत बसवून त्याच्या मागच्या तीन पिढ्याही लावल्या. पुढे वेगळ्याच कामासाठी दफनांची नोंदवही चाळताना कळले की तो मुलगा अकराव्या वर्षीच वारला होता. ज्याला मी चार मुलांचा बाप ठरवले होते, तो त्याच परिसरातला, त्याच नावाचा दुसराच कोणी होता. त्या कुटुंबाने तोवर ती नावे आपल्या मुलांना शिकवली होती. त्यांच्या घरी जाऊन मी ती परत मागितली. तेव्हापासून त्या नावाच्या प्रत्येक माणसाचे पुढे काय झाले, हे शोधल्याशिवाय मी कोणालाही कोणाचा पूर्वज म्हणत नाही.

डीएनए चाचणीने हे काम सुटेल, असे पुष्कळांना वाटते. पण सुमारे पाव हिस्सा जुळलेला माणूस आजोबा, काका किंवा सावत्र भाऊ (आई किंवा वडील यांपैकी एकच सामाईक असलेला) यांपैकी कोणीही असू शकतो, आणि ते ठरवायला पुन्हा कागदांकडेच यावे लागते.

आणि कागदच जळाले असतील तर? १९२२ साली डब्लिनच्या सार्वजनिक अभिलेखागाराला लागलेल्या आगीत आयर्लंडच्या १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनांची बहुतेक पाने गेली. मात्र १९०९ पासून तिथे सत्तरी गाठलेल्यांना वृद्धापकाळ पेन्शन मिळू लागली होती आणि जन्माची सरकारी नोंद सर्वांसाठी १८६४ मध्येच सुरू झालेली असल्याने, वय सिद्ध करायला या वृद्धांसाठी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत शोध घेतला जाई. त्या शोधाचे अर्ज टिकले. मूळ पाने राख झालेली असताना, कोणाचे आईवडील, कोणाची भावंडे त्या अर्जांवर कारकुनाच्या अक्षरात आजही वाचता येतात.