तुम्ही विचारलंत म्हणून : स्क्रीनवाला चष्मा कोणता घेऊ?

"तो स्क्रीनवाला चष्मा घ्यायचाय, कोणता घेऊ?" हा प्रश्न मला सारखा येतो. विचारणाऱ्यांत माझा भाचा आहे, ऑफिसातली मैत्रीण आहे, आणि प्रवासात मला तो लावून बसलेली बघून शेजारच्या सीटवरून हळूच डोकावणारे तर कितीतरी. प्रत्येकाला मी आधी उलट विचारते, "तुमचा नंबर किती?" समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला हर्ट्झ आणि इंच यांवर बोलायचं असतं, आणि मी डोळ्यांच्या दवाखान्यात बसल्यासारखी सुरुवात करते.

पण खरंच, सुरुवात तिथूनच आहे.

आधी एक घोळ मिटवू. हा चष्मा म्हणजे व्हीआर, म्हणजे आभासी जग दाखवणारा हेडसेट नव्हे. क्वेस्ट ३ सारखा हेडसेट पाचशे ग्रॅमच्या वर जातो, त्यात स्वतःचा प्रोसेसर असतो, आणि तो बाहेरचं जग झाकून टाकतो. कॅमेरा आणि स्पीकर असलेला, फोटो काढणारा चष्मा तो आणखी वेगळा. मी बोलतेय ते एक्सरिअल, व्हिट्युअर, रोकिड, रेनिओ या मंडळींच्या चष्म्यांबद्दल. वजन साधारण ७० ते ९० ग्रॅम, काडीतून एक वायर निघते, ती फोनला, लॅपटॉपला नाहीतर स्टीम डेकला (हातात धरून गेम खेळायचं यंत्र) लावायची. त्याला बॅटरी नाही, मेंदू नाही, असला तरी जेमतेम. तो आहे मॉनिटर. फक्त टेबलाऐवजी नाकावर बसतो, आणि सगळ्या भानगडी नाकावर बसतो म्हणूनच होतात.

आता इंच. जाहिरातीत एक चष्मा म्हणतो १३० इंची पडदा, दुसरा म्हणतो २०१ इंची. दुसरा घ्यावा ना? बारीक अक्षरं वाचा. पहिला पडदा ४ मीटरवर आहे, दुसरा ६ मीटरवर. शाळेतली त्रिकोणमिती काढून बसलात तर दोन्ही डोळ्यांसमोर साधारण ४५-४६ अंशांचाच कोन करतात. म्हणजे पडदा एकच, फक्त कल्पनेत तो कुठे टांगायचा एवढाच फरक. आणि ४६ अंश म्हणजे घरगुती भाषेत किती? २७ इंची मॉनिटर ८० सेंटिमीटरवरून बघावा तेवढा. हे कुणी खोक्यावर छापत नाही, कारण ऐकायला अगदीच मिळमिळीत वाटतं. मला मात्र ते मिळमिळीत वाटत नाही. आडवं पडून, हात मोकळे ठेवून २७ इंची मॉनिटर छताकडे बघत बघायला मिळतोय, अजून काय हवं!

अंश जास्त म्हणजे चांगलं, असंही सरळ नाही. यातल्या बहुतेक चष्म्यांत प्रत्येक डोळ्यापुढे १९२० बाय १०८० ठिपके असतात. पडदा रुंदावला की तेच ठिपके ताणले जातात. ४६ अंशांच्या चष्म्यात आडव्या दिशेने एका अंशात साधारण ४७ ठिपके येतात. एक्सरिअल वन प्रो ५७ अंशांचा आहे, त्यात ते ३८ च्या आसपास उतरतात. निरोगी डोळा एका अंशात साठेक ठिपके वेगळे ओळखू शकतो. सिनेमाला याने काही बिघडत नाही, उलट मोठा पडदा हवाहवासा वाटतो. पण लॅपटॉपवरचं बारीक अक्षर वाचणार असाल तर लहान कोन बरा.

माझा पहिला चष्मा मी हे सगळं वाचून, तक्ते करून घेतला होता. खोकं उघडलं, वायर फोनला लावली, आणि काळोख. पुन्हा लावली. फोन रीस्टार्ट केला. वायर उलटी करून घातली, जी सी-टाइप असल्यामुळे उलटी नसतेच. अर्ध्या तासाने कळलं की माझ्या फोनचं सी-टाइप पोर्ट नुसतं चार्जिंगचं आणि डेटाचं आहे, त्यातून चित्र बाहेर येतच नाही. पोर्टाचा आकार सारखा असला म्हणून काम सारखं नसतं. त्यातून चित्र जायला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड लागतो, आणि स्वस्त ते मध्यम फोनांत तो बहुधा नसतो. आयफोन १५ च्या चारही मॉडेलांत आहे, सॅमसंगच्या एस मालिकेत आहे, पिक्सेल ८ ला २०२४ मध्ये अपडेटमधून मिळाला. बाकी फोनांचं तपासूनच घ्या. तपासायची सोपी रीत म्हणजे कुणाकडून तरी सी-टाइप ते एचडीएमआयचा साधा ॲडॉप्टर मागून आणा (ॲप टाकायला लावणारा नको) आणि फोन टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं तर चष्म्यातही येईल.

गेमिंगवाल्यांना इथे अजून एक पायरी आहे. स्टीम डेक, त्या जातीची इतर यंत्रं आणि बरेचसे नवे लॅपटॉप थेट वायरीवर चालतात. निन्टेंडो स्विच हे गेमयंत्र डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये, बसल्याशिवाय चित्र बाहेर देत नाही, म्हणून त्याला डॉकचं सोंग घेणारा वेगळा डबा लागतो. टीव्हीला लावायचा गेम कन्सोल पीएस५ चित्र एचडीएमआयमधूनच देतो, आणि एचडीएमआयच्या पोर्टातून चष्मा चालेल एवढी वीज मिळत नाही, म्हणजे ॲडॉप्टर आला आणि त्या ॲडॉप्टरला पॉवर बँक आली. खिशात दोन डबे आणि गळ्यात तीन वायरी घेऊन "वायरलेस जमाना आलाय" म्हणणारी माणसं मी पाहिलीत. त्यांच्यात मीही होते.

बरं, नंबर.

या चष्म्याच्या आत पडदा डोळ्यापासून बोटभर अंतरावर असला तरी भिंगं-आरसे त्याची प्रतिमा काही मीटर लांब नेऊन ठेवतात. डोळ्याला ती लांबचीच वस्तू वाटते. त्यामुळे ज्यांना फक्त वाचायचा चष्मा लागतो, त्यांना इथे बहुधा काहीच लागत नाही. माझ्या मैत्रिणीला याचंच सगळ्यात नवल वाटलं. लांबचा नंबर असणाऱ्यांना मात्र तो लागणारच. नेहमीच्या चष्म्यावरून हा घालायचा विचारही करू नका, तो डोळ्यापासून इतका पुढे जातो की अर्धा पडदा गायब. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर सुटलात. नाहीतर दोन वाटा आहेत. रोकिड मॅक्सवर छोटी चकती आहे, ती फिरवून उणे ६ पर्यंत जाता येतं. व्हिट्युअर प्रोवर उणे ५ पर्यंत. एक्सरिअल आत बसवायची चौकट देतं, तिच्यात आपल्या नंबरच्या काचा करून घ्यायच्या.

चकती बघून मी हुरळले होते. नंबर उणे ४, मग अडचण काय? अडचण अशी की मला थोडा सिलेंडरही आहे, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना वेगळा लागणारा नंबर, आणि चकतीला सिलेंडर कळत नाही. चित्र स्पष्ट दिसायचं, पण सबटायटलच्या प्रत्येक अक्षराला उजवीकडे एक पुसटशी सावली. दोन दिवस मी पॅनेलला दोष देत होते. ज्याला सिलेंडर आहे त्याने सरळ काचा करून घेण्याची सोय असलेला चष्मा घ्यावा, चकतीच्या मोहात पडू नये. घरात चारजण आळीपाळीने वापरणार असतील तर उलट, चकतीच बरी.

डोळे तपासून नंबर लिहून देतात त्या कागदावर बहुधा आणखी एक आकडा असतो, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर. मोठ्या माणसांत ते बहुधा ५४ ते ७४ मिलिमीटरच्या मधे कुठेतरी येतं. ठरावीक अंतर मनात धरून बनवलेल्या चष्म्यात तुमचे डोळे त्याहून जवळ किंवा लांब असले की पडद्याची एक कड धूसर होते, आणि तुम्ही नकळत मान वाकडी करून बघायला लागता. एक्सरिअल वन प्रो यासाठी दोन मापांत येतो. बाकीच्यांत घालूनच बघावं लागतं. आणि नाकावरचे रबरी पॅड! दोन-तीन जोड्या खोक्यात येतात, लोक पहिली जोडी लावतात आणि बाकीच्या पिशवीसकट कपाटात टाकतात. चष्मा दोन मिलिमीटर खाली घसरला की पडद्याची एक कड कापली जाते. परत करायला निघालेले दोन चष्मे तरी मी नुसते पॅड बदलून वाचवलेत.

कड धूसर असण्याचं गेमवाल्यांनी सगळ्यात जास्त मनावर घ्यावं. सिनेमात बघण्यासारखं असतं ते बहुतेक वेळ मधोमध असतं. गेममध्ये मधे शत्रू, आणि बाकी सगळं कोपऱ्यात: नकाशा वर, गोळ्या किती उरल्या ते खाली उजवीकडे, जीव किती उरला ते डावीकडे. यांतला एकही कोपरा धूसर असला की खेळताना जीव मेटाकुटीला येतो. म्हणून चष्मा ट्रायला मिळाला तर ट्रेलर लावू नका, चारही कोपऱ्यांत आकडे असलेला गेम लावा. काही चष्म्यांत पडदा थोडा लहान करायची सोय असते, ती असेल तर अर्धं दुखणं तिथेच थांबतं. १२० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलण्याचं म्हणाल, तर जोडलेलं यंत्र तेवढे फ्रेम काढत असेल तरच उपयोग. एलसीडीचा स्टीम डेक जड गेममध्ये चाळीस फ्रेमला धापा टाकतो, तिथे चष्म्याने काय करावं?

सिनेमावाल्यांसाठी माझी धोक्याची सूचना वेगळी आहे. एका रात्री मी दिवा लावून, टेकून बसून एक अंधारा भयपट बघत होते. जंगल, धुकं, काळोख. आणि त्या काळोखात खालच्या बाजूला आडवे पांढरे पट्टे. मला वाटलं दिग्दर्शकाने काहीतरी सूचक केलंय. मी हलले तसे पट्टेही हलले. ते माझ्याच टी-शर्टावरचे होते.

कारण असं. यातल्या बऱ्याच चष्म्यांची रचना 'बर्डबाथ' नावाची आहे. आतला वाकडा आरसा पाखरांसाठी पाणी ठेवायच्या पसरट भांड्यासारखा दिसतो म्हणून ते नाव. पडदा भुवईच्या जागी, तोंड खाली करून बसलेला. त्याच्याखाली तिरकी अर्धपारदर्शक काच. ती चित्र पुढच्या आरशाकडे ढकलते, आरसा ते मोठं करून परत पाठवतो, आणि ते त्याच काचेतून आरपार डोळ्यात येतं. पण तिरक्या काचेला खालची बाजूही असते, आणि छातीवरून, मांडीवरून वर येणारा उजेड ती इमानदारीने डोळ्यात सोडते. उपाय फुकट आहे, गडद रंगाचे कपडे घाला. दिवा मागे किंवा बंद. शिवाय या चष्म्यात काळा रंग म्हणजे उजेडाचा अभाव, त्यामुळे काळ्या जागी समोरची भिंतच दिसते. सोबत पुढून झाकायची टोपी येते ती वापरा, किंवा काच स्वतः गडद होणारा चष्मा बघा. एक्सरिअल एअर २ प्रोसारख्या बऱ्याच चष्म्यांत ती सोय आहे आणि माझ्या मते तिचे पैसे वसूल होतात.

पडदा डोक्याबरोबर हलावा की एका जागी टांगून राहावा? घरी टांगलेलाच हवा. डोक्याबरोबर फिरणाऱ्या पडद्याने मला पंधरा मिनिटांत मळमळतं. एक्सरिअल वनमध्ये हे काम चष्म्यातली चिपच करते, कुठलंही ॲप लागत नाही. इतर काहींना त्यासाठी वेगळा डबा किंवा ॲप लागतं, ते विचारून घ्या. गाडीत मात्र गंमत होते. गाडी वळली की चष्म्याला वाटतं तुम्हीच मान वळवलीत, आणि तो इमानदारीने पडदा जिथल्या तिथे ठेवायला जातो. वळण संपेपर्यंत सिनेमा खिडकीबाहेर निघून गेलेला असतो. प्रवासात डोक्याला चिकटलेला मोडच लावायचा, आणि गाडी लागणारी प्रकृती असेल तर तोही नाही.

आवाजाबद्दल एवढंच, की काडीतले स्पीकर शेजाऱ्यालाही ऐकू जातात. इअरफोन घ्या. फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते, आणि पोर्ट एकच असल्यामुळे चार्जिंग करता येत नाही. त्यासाठी दोन तोंडांची वायर मिळते, ती पहिल्याच दिवशी घ्या.

भाच्याचं काय झालं? तक्ता त्याने केलाच होता, सात चष्म्यांचा, रंगीत. मी त्याला माझा चष्मा लावून बसवलं. दोन मिनिटांत म्हणाला, "मावशी, खालचा उजवा कोपरा दिसत नाहीये. गोळ्या किती उरल्या कळत नाही." मी ड्रॉवरमधून उंच पॅडांची जोडी काढून दिली. मग तीन तास तो काही बोलला नाही. अजून त्याने चष्मा घेतलेला नाही. माझाच नेलाय, आणि पॅडही.