सोलापुरात बसून शेलमधलं तेल मोजलं त्याची गोष्ट (माझा अनुभव)

एमएस्सी जिऑलॉजीला मला प्रोजेक्ट आला सोर्स रॉकचा, म्हणजे ज्या दगडात तेल-गॅस तयार होतं त्याचा. आता आपल्या सोलापूरच्या पायाखाली सगळा काळा बेसाल्ट, तेलाचा काय संबंध, म्हणून गुजरातच्या कॅम्बे शेल नावाच्या गाळाच्या दगडाचा छापील डेटा गोळा केला आणि रूमवर एक्सेल उघडून बसलो.

गणित सरळ वाटलं. जाडी, क्षेत्रफळ, घनता गुणायची की दगडाचं वजन आलं, त्यात सेंद्रिय कार्बन (टीओसी) किती टक्के ते काढायचं आणि त्या कार्बनच्या एका ग्रॅममागे हायड्रोजन इंडेक्स म्हणजे एचआय (दगडात तेल-गॅस द्यायची ताकद अजून किती शिल्लक आहे त्याचं माप) किती मिलिग्रॅम उतरला ते बघायचं, जेवढा उतरला तेवढं तेल-गॅस तयार झालं. समजा १ चौरस किमी, जाडी १०० मीटर, घनता २.४, टीओसी २.५ टक्के आणि एचआय ३०० चा १५० झाला, तर ९ लाख टन. खुशीत सरांना दाखवलं तर सर म्हणाले, "हा ३०० कुठनं आणला?"

गोची तिथंच होती. आजचा एचआय रॉक-इव्हल मशीनवर, म्हणजे दगडाची पूड तापवून, मोजता येतो, पण दगड शिजायच्या, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेनं त्यात तेल तयार व्हायच्या, आधीचा कोण मोजणार? २५० धरला तर ६ लाख, ४०० धरला तर थेट १५ लाख.

जानेवारीत मंगळवेढ्याला काकांकडे हुरड्याला गेलो होतो, डोक्यात तेच. अर्धं खाल्लेलं कणीस पुढं करून विचारलं, काका, ह्यात आधी दाणे किती होते? काका म्हणाले, "शेजारचं न खाल्लेलं बघ की! आन् एकच नको बघू, पाच-सहा बघ, सगळी सारखी नसत्यात."

परत येऊन तेच केलं, त्याच शेलचे कमी खोलीवरचे, टीमॅक्स (त्याच मशीनवर तापवताना सगळ्यात जास्त तेल-गॅस सुटतं ते तापमान) ४३५ अंशांच्या खालचे म्हणजे अजून न शिजलेले नमुने शोधले. सगळ्यांचा एचआय वेगळा! मग एक आकडा सोडला, प्रत्येक गोष्टीला रेंज दिली आणि मॉन्टे कार्लो लावलं, म्हणजे फासे टाकल्यासारखे रेंजमधले आकडे उचलून तेच गणित हजारो वेळा करायचं, १०,००० ओळी, एफ-नाइन दाबलं की लॅपटॉप दोन मिनिटं गप्प.

दोन चुका केल्या. तेलवाल्यांचा पी-९० म्हणजे निदान एवढं निघायची शक्यता ९० टक्के, म्हणजे लहान आकडा, आणि एक्सेलचं ९० वं पर्सेंटाइल म्हणजे मोठा, मी सगळं टेबल उलटं छापलं. दुसरी जास्त वाईट, टीओसी आणि एचआयचे फासे वेगवेगळे टाकले. डेटात तर जिथं टीओसी जास्त तिथं एचआयपण जास्त दिसत होता, दोन्ही एकमेकांना बांधल्यावर रेंज चांगलीच रुंद झाली, म्हणजे आधी मी उगाच छाती पुढं काढून बसलो होतो.

आणि हे नुसतं तयार झालेलं बरं का, त्यातलं दगडाबाहेर किती पडलं, वाटेत किती मुरलं, ट्रॅपमध्ये (तेल साठून राहतं त्या जागी) किती अडकलं हा हिशोब अजून वेगळाच.

व्हायवाला बाहेरच्या सरांनी टेबलावर बोट ठेवून पहिलाच प्रश्न टाकला, "पी-९० लहान कसा?" हसू दाबत कणसापासूनच सुरुवात केली.